युद्धाचा मुहूर्त आणि युद्धाची मुदत

उज्जैन ही कालगणनेची नगरी होय. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी जी मध्यरेषा मानली, ती ह्या नगरीवरून जाते. महाकालाचे स्थान येथे आहे आणि सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधविलेली वेधशाळाही येथेच क्षिप्रेच्या काठी उभी आहे. लढाईस निघण्यापूर्वी मुहूर्त पाहण्याची रीत आपल्या देशात पुष्कळ काळ होती. परंतु सुरू झालेली लढाई कोणत्या दिवशी थांबवावयाची, हे सांगणारे पंचांग अद्याप कोणी रचलेले नाही. युद्धाला मुहूर्त सापडतो, मुदत मात्र सापडत नाही.

तरीही अशी मुदत ठरविण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा झाले आहेत. एखादे राष्ट्र समुद्रापलीकडे सैन्य धाडते, वर्षे लोटतात, खर्च वाढतो, मृतांच्या याद्या लांबतात. आणि मग त्या राष्ट्राच्या कायदेमंडळात एखादा सभासद उभा राहून विचारतो, ‘हे कधी संपणार? तारीख सांगा.’ अमेरिकेचे सेनेटर रसेल फाइनगोल्ड ह्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये इराकच्या युद्धाबाबत हेच केले. ३१ डिसेंबर २००६ ही तारीख पुढे ठेवून तोवर सैन्य परत आणण्याचे उद्दिष्ट धरावे, असे त्यांनी सुचविले. त्यावर वादळ उठले. तारीख जाहीर केली तर शत्रू स्वस्थ बसून वाट पाहील, असे एक पक्ष म्हणाला. तारीख नसेल तर युद्धाला शेवटच राहणार नाही, असे दुसरा पक्ष म्हणाला.

ह्या दोहोंपैकी खरे कोणते? तारीख ठरविल्याने युद्ध थांबते काय? थांबत असेल तर कोणत्या अटींवर? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी वाचकास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. एका काळी इंग्लंडच्या पार्लमेंटात ज्या समुद्रापलीकडच्या युद्धाविषयी असा वाद चालला होता, ते युद्ध मराठ्यांशीच होते, आणि त्याच्या शेवटाचे पहिले पाऊल ज्या करारात पडले त्यात उज्जैनचे नाव आहे.

हे युद्ध म्हणजे इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध. पेशवेपदाच्या लोभाने रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देण्याचे कबूल केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा तह पसंत पडला नाही. त्याने कर्नल अप्टन ह्यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. इकडे लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहास अनुकूल असे पत्र धाडले. मुंबई एक म्हणते, कलकत्ता दुसरे म्हणते, लंडन तिसरेच म्हणते! पत्र जाण्यास सुमारे सहा महिने आणि उत्तर येण्यास तितकेच. अशा तीन धन्यांच्या कारभारात युद्ध सुरू करणे सोपे होते, पण थांबविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे कोणासच धड ठाऊक नव्हते.

जानेवारी १७७९ मध्ये तळेगाव-वडगावच्या परिसरात मराठ्यांनी मुंबईच्या फौजेस कोंडले आणि वडगावचा करार करावयास लावले. इंग्रजांनी तो पुढे मानला नाही. जनरल गॉडर्ड ह्याने १७८० च्या प्रारंभी अहमदाबाद घेतले आणि डिसेंबरमध्ये वसई जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला काबीज केला. पण त्याच सुमारास नाना फडणीस ह्यांच्या कारस्थानास यश येऊन हैदर अली कर्नाटकात उतरला होता, आणि १० सप्टेंबर १७८० रोजी पोलिलूर येथे त्याने कर्नल बेलीची सारी तुकडी गारद केली होती. जे वाचले ते श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात गेले. पुढल्या वर्षी गॉडर्ड बोरघाट उतरून माघारी गेला. माळव्यात शिरलेल्या कॅमकला महादजी शिंदे ह्यांनी रसद तोडून जेरीस आणले. उलट मार्च १७८१ च्या अखेरीस कॅमकने रात्री छापा घालून महादजींच्या छावणीचे मोठे नुकसान केले. थोडक्यात, कोणीही पुरता जिंकत नव्हता आणि कोणीही पुरता हरत नव्हता. ज्या युद्धात असा पेच पडतो, त्यातच शेवटाच्या तारखेची चर्चा सुरू होते, हे येथे लक्षात ठेवावे.

ह्या वेळी इंग्लंडची दृष्टी दुसऱ्या एका समुद्रापलीकडच्या युद्धाकडे लागली होती. अमेरिकेतील वसाहतींशी चाललेल्या लढाईत १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवालिस शरण गेला. तरीही राजा तिसरा जॉर्ज युद्ध चालू ठेवण्याच्या हट्टास पेटला होता. तेव्हा कॉमन्स सभेत हेन्री सेमूर कॉनवे उभा राहिला. तो स्वतः सेनापती होता आणि रणांगण पाहिलेला होता. अमेरिकेतील चढाईचे युद्ध थांबवावे, असा ठराव त्याने २२ फेब्रुवारी १७८२ रोजी मांडला. तो केवळ एका मताने फेटाळला गेला. पाचच दिवसांनी, २७ फेब्रुवारीस, त्याने तो पुन्हा मांडला आणि २३४ विरुद्ध २१५ मतांनी तो संमत झाला. २० मार्चला लॉर्ड नॉर्थच्या प्रधानमंडळाने राजीनामा दिला. ह्यानंतर तह होण्यास दीड वर्ष लागले आणि न्यूयॉर्कमधून शेवटचे इंग्रज सैन्य २५ नोव्हेंबर १७८३ रोजी निघाले. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी तोफा गाडीत भरल्या गेल्या नाहीत. परंतु युद्ध वाढविण्याचा मार्ग मात्र त्या दिवशी बंद झाला.

हा ठराव परिणामकारक का झाला? कारण स्पष्ट आहे. अमेरिकेतील फौज राजाची होती, तिचा खर्च पार्लमेंट मंजूर करीत होते आणि प्रधानमंडळ पार्लमेंटच्या बहुमतावर उभे होते. थैलीची दोरी ज्यांच्या हाती, त्यांनीच नकार दिला. मुदत घालणाऱ्याच्या हाती थैली असावी लागते, हा पहिला धडा.

आता ह्याच पार्लमेंटने मराठ्यांच्या युद्धाबाबत काय केले ते पाहावे. हिंदुस्थानातील युद्धांची चौकशी करण्यास एक गुप्त समिती नेमली होती; तिचा प्रमुख हेन्री डंडास. मे १७८२ च्या अखेरीस त्याच्या पुढाकाराने कॉमन्स सभेने ठराव केला की, हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे व राज्य वाढविण्याचे बेत राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला व धोरणाला विरुद्ध आहेत. आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी ह्यांना संचालकांनी परत बोलवावे. ठराव कडक होता. परिणाम? काहीच नाही. कारण हिंदुस्थानातील युद्ध कंपनीच्या नावाने चालले होते, आणि कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला काढण्यास नकार दिला. हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत आपल्या जागी राहिला. ज्या सभेने अमेरिकेचे युद्ध थांबविले, तिचाच शब्द हिंदुस्थानात हवेत विरला. कारण येथे थैली दुसऱ्याची होती.

ह्याहून विलक्षण गोष्ट अशी की, हा ठराव झाला त्याच्या पंधरवडाभर आधीच येथे युद्ध थांबले होते! लंडनला ते ठाऊक नव्हते, कलकत्त्याला लंडनचे ठाऊक नव्हते. युद्ध थांबविले ते ठरावाने नव्हे, तर माळव्यातील वाटाघाटींनी.

त्या वाटाघाटींचा प्रारंभ १३ ऑक्टोबर १७८१ रोजी झाला. त्या दिवशी कर्नल म्यूर आणि महादजी शिंदे ह्यांच्यात करार झाला. कर्नल म्यूरने आपली फौज यमुनेपलीकडे न्यावी, महादजींनी उज्जैनला परत जावे, आणि मग महादजींनी इंग्रज व पेशवे ह्यांच्यात समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात ठरले. उज्जैन तेव्हा शिंद्यांची राजधानी होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवीपर्यंत ती राहिली. ह्या कराराकडे बारकाईने पाहिले तर त्यातील शहाणपण ध्यानात येते. ‘तुम्ही हटा, मग आम्ही हटू’ असे कोणी म्हटले नाही. दोन्ही फौजांनी एकमेकींपासून दूर जावयाचे, आणि प्रत्येकीने कोठे पोहोचावयाचे तेही नाव घेऊन सांगितलेले. एकीला नदी दिली, दुसरीला नगर दिले. माघार ही नामुष्की न वाटता घरी परतणे वाटावे, अशी ती रचना होती.

पुढे १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सुमारे वीस मैलांवरील सालबाई ह्या गावी मुख्य तह झाला. इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसनने आणि पेशव्यांच्या वतीने महादजींनी त्यावर सही केली. तहाची कलमे सतरा. त्यांतील तीन मुदती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली मुदत दोन महिन्यांची. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांचा जो मुलूख घेतला, वसईसुद्धा, तो तह पुरा झाल्यापासून दोन महिन्यांत परत द्यावयाचा. दुसरी मुदत चार महिन्यांची. तेवढ्या काळात रघुनाथरावांनी राहण्याचे ठिकाण निवडावे, त्यानंतर इंग्रजांनी त्यांना आश्रय वा पैसा देऊ नये. आणि ते आपखुशीने महादजींजवळ येऊन राहतील तर पेशव्यांनी त्यांना दरमहा २५,००० रुपये द्यावेत. तिसरी मुदत सहा महिन्यांची. हैदर अलीने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सोडावा आणि कैदी मोकळे व्हावेत, ही जबाबदारी पेशव्यांनी पत्करली.

आता ह्या तीन मुदतींचे काय झाले? वसई पेशव्यांकडे परत आली; साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथराव गोदावरीकाठी कोपरगावास जाऊन राहिले आणि थोड्याच काळात तेथे वारले. म्हणजे दोन महिन्यांची व चार महिन्यांची, ह्या दोन्ही अटी पार पडल्या. सहा महिन्यांची मात्र पार पडली नाही. कारण सरळ आहे. जो हैदर मुलूख सोडणार, त्याची सही तहावर नव्हती. दुसऱ्याने लिहून दिलेला वायदा तो का पाळील? ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला, पण त्याचा मुलगा टिपू लढतच राहिला. ती लढाई ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरच्या तहाने संपली. तोवर पोलिलूरचे कैदी श्रीरंगपट्टणच्या कोठड्यांत होते. कर्नल बेली नोव्हेंबर १७८२ मध्ये तेथेच मरण पावला. सालबाईच्या कागदावर सहा महिने लिहिले होते. कैद्यांना मात्र त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे काढावी लागली. चुकलेल्या मुदतीची किंमत ती लिहिणारे देत नाहीत. ती कोठडीतला शिपाई देतो आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले घर देते. मुदत ज्याच्यावर घालावयाची तो करारात असला पाहिजे, हा दुसरा धडा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. मुदत किती, ह्याइतकेच ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची हेही महत्त्वाचे असते. सावकाराच्या रोख्यात आपण हे जाणतो, परंतु राज्याच्या तहात विसरतो. वसईचे दोन महिने आणि रघुनाथरावांचे चार महिने हे सहीपासून नव्हे, तर ‘तह पुरा झाल्यापासून’ मोजावयाचे होते. कलकत्त्याने जून १७८२ मध्येच संमती दिली. पुण्यास मात्र नाना फडणीस थांबून राहिले. हैदर रणात उभा आहे तोवर इंग्रजांवर दाब आहे, मग घाई कशास? हैदर वारला, आणि त्याच डिसेंबरात नानांनी मान्यता दिली. फेब्रुवारी १७८३ मध्ये तहाच्या प्रतींची अदलाबदल झाली. तारीख जाहीर केली की दुसरा पक्ष वाट पाहतो, ही शंका मुळीच पोकळ नव्हे, हे नानांच्या वर्तनावरून दिसते. पण तेथेही पुरते पाहिले पाहिजे. नानांनी वाट पाहिली ती इंग्रजांनी तारीख दिली म्हणून नव्हे, तर मोजणीचा आरंभ त्यांच्या हाती होता म्हणून. दोष मुदतीचा नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचा होता.

मग हा तह टिकला कसा? त्याला जामीन होता म्हणून. इंग्रज आणि पेशवे ह्या दोघांनी महादजींना उभयपक्षी जामीन मानले. दोहोंपैकी जो पक्ष कराराविरुद्ध वागेल, त्याच्या विरोधात महादजींनी दुसऱ्या पक्षास मिळावे आणि मोडणाऱ्यास ताळ्यावर आणावे, असे तहातच लिहिलेले होते. जामीन निःस्वार्थी होता असे नाही. महादजींचे स्वतःचे वजन ह्या तहाने वाढले आणि भडोचही त्यांना मिळाले. परंतु जामिनाला निःस्वार्थी असण्याची गरज नसते, समर्थ असण्याची असते. पुढे वीस वर्षे इंग्रज आणि मराठे ह्यांच्यात युद्ध झाले नाही. महादजी १७९४ मध्ये वारले, नाना १८०० मध्ये वारले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव ह्यांनी वसई येथेच इंग्रजांशी तह केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा रणे माजली. वास्तविक १७८४ च्या कायद्यात पार्लमेंटने राज्यविस्ताराचा निषेध पुन्हा नोंदविलेला होता! तो कागदावर तसाच होता. त्याची आठवण देणारा समर्थ माणूस ह्या बाजूस उरला नव्हता. जामीन गेला की करार पोरका होतो, हा तिसरा धडा.

हे तीन धडे घेऊन अलीकडच्या काळाकडे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. १९७३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की, हिंदी-चीनमधील लढाईसाठी १५ ऑगस्टनंतर पैसा मिळणार नाही. त्या दिवशी कंबोडियावरील बॉम्बवर्षाव थांबला, कारण थैली बंद झाली. २००७ मध्ये त्याच काँग्रेसने इराकमधून सैन्य परत आणण्याचे वेळापत्रक खर्चाच्या विधेयकात घातले. १ मे रोजी अध्यक्ष बुश ह्यांनी ते नाकारले आणि त्यांचा नकार रद्द करण्याइतकी मते काँग्रेसपाशी नव्हती. शेवटी तारीख ठरली ती इराक सरकारशी नोव्हेंबर २००८ मध्ये झालेल्या करारात, ३१ डिसेंबर २०११ ही. आणि ती पाळली गेली. घरच्या सभेत जे जमले नाही, ते ज्याच्या भूमीवर सैन्य होते त्याच्या सहीने जमले.

उलट उदाहरण अफगाणिस्तानचे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका आणि तालिबान ह्यांच्यात चौदा महिन्यांची मुदत ठरली. काबूलचे सरकार त्या करारात पक्षकार नव्हते, आणि जामीन म्हणावा असा कोणी नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले आणि त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे शेवटचे विमान उडाले. ठरलेली तारीख टळून काही महिने गेले, तरी सैन्य परत गेले; पण मागे राहिलेल्यांचे काय, ह्याचे कलम त्यात नव्हते.

आपल्या देशासही हा अनुभव आहे. जुलै १९८७ च्या करारान्वये भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. ती किती दिवसांसाठी, हे करारात लिहिलेले नव्हते. १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदास ह्यांनी जुलैअखेरपर्यंत सैन्य न्यावे अशी मागणी केली. भारताने ती तशीच मानली नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी वर्षअखेरीचे उद्दिष्ट ठरविले, आणि शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली. ह्या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय जवान कामी आले. जाण्याचा दिवस ठरला होता, येण्याचा नव्हता. त्या अवधीत किती घरांतून तारेची वाट पाहिली गेली असेल!

तेव्हा कायदेमंडळात एखादा सभासद तारीख मागतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणून हिणवू नये आणि तारणहार म्हणून डोक्यावरही घेऊ नये. त्याचा प्रश्न योग्य असतो, कारण शिपाई आणि कुटुंब ह्या दोघांचाही तोच प्रश्न असतो. मात्र उत्तर देताना आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. थैली कोणाच्या हाती आहे? ज्यांच्यावर मुदत घालावयाची त्या सर्वांच्या सह्या आहेत काय? दिवस कोणत्या घटनेपासून मोजावयाचे? आणि मुदत मोडली तर जाब विचारण्यास समर्थ असा जामीन कोण? ह्या चारांची उत्तरे नसतील तर तारीख ही केवळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली एक चौकट राहते. उत्तरे असतील तर मात्र तिच्यात बळ येते, आणि १७८१ मध्ये झाले तसे घडते. एक फौज नदीपलीकडे जाते, दुसरी आपल्या नगराकडे वळते, आणि मधल्या मुलखातील शेतकऱ्याला आपले पीक आपणच कापावयास मिळते.